म्हसोबाच्या ओट्यावरचा पाईप

ती आग मला अजून आठवते, आणि खरं सांगायचं तर आगीपेक्षा तो पंप जास्त आठवतो. इंजिन धडधडत होतं, पंप फिरत होता, टाकीत पाणी होतं, आणि होजच्या तोंडातून थुंकल्यासारखं थोडं पाणी येऊन पुढे नुसती हवा फुसफुसत होती. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण 'हे असं झालंच कसं?' हा प्रश्न इतका डोक्यात घर करून बसावा असं दुसरं प्रकरण मला सांगता येणार नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी श्रीगोंदा तालुक्यात फौजदार होतो आणि आमच्या हद्दीत एक साखर कारखाना होता. कुणाची नावं घेणार नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत आणि जी आहेत त्यांना सुखानं राहू द्यावं. माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. बायको म्हणायची, "चहात साखर कमी पडली तर तुम्ही आधी पंचनामा कराल आणि मग साखर मागाल." तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. पाटाचं पाणी लांबलं होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, तरी कारखान्याचं गाळप कसंबसं चालू होतं. कारखान्याच्या मागच्या अंगाला बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याचा, डोंगर रचलेला असे. त्याला लागूनच पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या. तिथं कोप्या घालू नयेत असा कारखान्याचा हुकूम होता. पण पाण्याची टाकी जवळ, बैलगाड्या सोडायला मोकळी जागा, म्हणून हुकूम हुकमाच्या जागी राहिला आणि कोप्या कोप्यांच्या जागी.

एका दुपारी मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो. ठाणे अंमलदारानं फोन घेतला आणि ऐकता ऐकता उभाच राहिला. "साहेब, कारखान्यावर बगॅस पेटलंय." जीप काढली. गावाबाहेर पडलो तोच धुराचा लोट दिसायला लागला.

आग कशानं लागली ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. वाळलेल्या बगॅसला एक ठिणगी पुरते. वारा कोप्यांच्या बाजूचा होता आणि कोप्या पाचटाच्याच, त्यांना पेटायला वेळ तो किती लागणार. एका ऊसतोड्याची बायको दावणीचे बैल सोडवायला धुरात शिरली. बैल वाचले, पण तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मोळ्या बांधणाऱ्या बाईचे हात! आम्ही पोचलो तेव्हा तिला नगरच्या दवाखान्यात हलवलं होतं. कारखान्याचा आगीचा पंप नुसती हवा फेकत होता, म्हणून लोक बादल्यांनी पाणी आणि फावड्यांनी माती मारत होते. नगरहून बंब आला तोवर कोप्यांची राख झाली होती.

आणि पंप हाऊससमोर वेगळीच आग पेटली होती. पंपवाल्याला लोकांनी बाहेर ओढलं होतं. शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. नगर शहरातला मुसलमान गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेला, बायकोपोरांसह गावात राहत होता. कारखान्यात सगळे त्याला चाचा म्हणत. त्या दिवशी मात्र कुणी चाचा म्हणत नव्हतं. आम्ही काठ्या आडव्या घालून त्याला जीपमध्ये बसवलं, तेव्हा त्या भाजलेल्या बाईचा नवरा जीपच्या दाराला लोंबकळून ओरडायला लागला.

"सायेब, ह्यानंच केलंय! म्या डोळ्यानं बघितलंय. काल दुपारच्याला ह्यो पाना घिऊन टाकीच्या मागं गेल्ता. येताना पाना फडक्यात गुंडाळून आनला, चोरावानी हिकडं तिकडं बघत. लई दिस झालं कटकट करीत हुता, कोप्या हितनं काढा म्हनून. आन् आज आग लागली तर पंपाला पानी न्हाई. ह्याला काय म्हनायचं, तुमीच सांगा!"

खबर पक्की होती. पाहणारा डोळ्यासमोर, भांडणाचं कारण तयार, आणि पंप हाऊसची झडती घेतली तर फडक्यात गुंडाळलेला पानाही मिळाला. पंचनाम्यात लिहिलं, पान्याच्या तोंडाला तांबडा रंग लागलेला आहे. माझे हवालदार, मूळचे शेवगावचे आणि खात्यात माझ्याहून जुने, मिशीवर हात फिरवून म्हणाले, "साहेब, केस शिजलेली हाय. नुसतं ताटात वाढायचं बाकी."

मलाही तसंच वाटलं होतं. पण चौकशीला बसलो आणि गाडी अडली.

"काल दुपारी टाकीमागे गेला होतात?"

"गेलो होतो, साहेब."

"कशाला?"

तो गप्प.

"व्हॉल्व्ह बंद केला?"

"अल्लाची शपथ, नाही."

"मग पाना कशाला नेला होता?"

मान खाली. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली. मग एकदम वर बघून त्यानंच मला विचारलं, "त्या बाईचे हात कसे आहेत, साहेब?"

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाटकी हाय. जरा पाहुणचार केला की पोपटावानी बोलंल." मी नको म्हणालो. मार खाऊन माणूस बोलतो हे खरं, पण आपल्याला हवं ते बोलतो. आणि मला एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणाऱ्याकडे काही ना काही गोष्ट रचलेली असते. घरी गेलो होतो, झोपलो होतो, पोट दुखत होतं. ह्याच्याकडे काहीच नव्हतं. शिवाय कोर्टानं दिलेली पोलीस कोठडी संपायच्या आत मला त्याच्यावर आग लावल्याचं कलम टिकवायचं होतं, नाहीतर त्याला सोडायचं होतं. सोडलं असतं तर गावानं त्याला जिवंत ठेवलं असतं का, याची मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर जाऊन मी चीफ इंजिनिअरना गाठलं. हुशार माणूस, पुण्यात शिकलेला, पण तोंडावर रया नव्हती. पंप हाऊसमध्ये नेऊन त्यांनी मला व्हॉल्व्ह दाखवला. पूर्ण उघडा होता. इंजिन चालू करून दाखवलं. होजमधून जरा पाणी उडालं, पंप घरघरला आणि पुन्हा तीच हवा.

"टाकीत पाणी आहे?" मी विचारलं.

"कंबरभर आहे."

"मग पंप ओढत का नाही?"

त्यांनी उसाचं एक टिपरू उचललं आणि धुळीत रेघा मारायला लागले. "साहेब, लहानपणी पपईच्या देठानं पाणी प्यायलात का कधी? देठ बारीक असला की गाल दुखतात आणि पाणी येत नाही. जाड असला की भसकन येतं. म्हणून टाकीकडून पंपाकडे येणारा पाईप मी मुद्दाम मोठा घेतला. पंपातून पुढे जाणारा त्याहून लहान, कारण तिथं पंप स्वतः ढकलतो. पंपाच्या तोंडाशीच वाकण असलं तर पाणी गरगरत येतं, म्हणून आधी सरळ लांब तुकडा ठेवला. आणि मुख्य म्हणजे ओढायचं कामच ठेवलं नाही. पंपच खड्ड्यात, टाकीच्या तळाच्याही खाली बसवलाय. टाकीत गुडघाभर पाणी असलं तरी ते आपल्या वजनानं पंपात उतरलं पाहिजे."

"मग का उतरत नाही?"

"तेच तर कळत नाही ना, साहेब!" माणूस रडकुंडीला आला होता. "पंप बसवला तेव्हा टाकी काठोकाठ होती. चाचणीला फवारा चिमणीच्या निम्म्याला गेला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

पान्यावरच्या तांबड्या रंगाबद्दल विचारलं तर ते म्हणाले, त्यात काही विशेष नाही, पाईपाच्या सांध्यांना आमचे फिटर शेंदूर तेलात कालवून तागाबरोबर भरतात, गळू नये म्हणून. म्हणजे तोही धागा तुटला. मला आपलं नवं ज्ञान मिळालं, की देवाचा शेंदूर आणि नळाचा शेंदूर एकच.

ठाण्यात परतलो आणि मुद्देमालातला पाना मागवून घेतला. का, ते मलाही सांगता आलं नसतं. खिडकीशी उन्हात धरून फिरवत होतो, तर तांबड्यात काहीतरी चमकलं. नखानं काढलं. चांदीसारखा पातळ कपटा.

"हवालदार, हे काय आहे बघा बरं."

त्यांनी डोळे बारीक केले. "ही तर बेगड, साहेब. देवाला लावत्यात ती."

"नळाच्या सांध्याला बेगड कोण लावतं?"

"कोन कशाला लावंल? नळाला काय लगीन करायचंय?" असं म्हणून ते हसले आणि हसता हसता थांबले. "साहेब, टाकीमागं म्हसोबा हाय. आपन पैल्या दिवशी पाया पडलो की!"

पडलो होतो खरंच. टाकी आणि पंप हाऊस यांच्या मधोमध एक जुनं लिंबाचं झाड, त्याखाली दगडमातीचा ओटा, आणि ओट्यावर शेंदूर माखलेले दोन देव. एक गोल, एक लांबट कमानीसारखा, वर बेगडीचे ठिपके, कमानीला टांगलेली घंटा. मी टोपी काढून दोघांनाही नमस्कार केला होता. आता पुन्हा जाऊन उभा राहिलो, हात जोडले आणि जोडल्या हातांनीच माफी मागून त्या लांबट देवावर हातातल्या काठीनं हलकेच ठोकलं.

ठण्ण आवाज आला.

"अगं आई गं," हवालदार म्हणाले. "ह्यो तर पाईप हाय."

मागच्या बाजूनं वाकून पाहिलं तर शेंदूर खरवडलेला होता आणि आतले बोल्ट नुकतेच आवळल्यासारखे लख्ख दिसत होते.

इंजिनिअरना बोलावणं पाठवलं. ते आले, त्या कमानीकडे पाहिलं, आणि वाकून तिची दोन्ही टोकं चाचपली. त्यांच्या आखणीप्रमाणे पाईप टाकीपासून पंपापर्यंत जमिनीखालून, सारख्या उतारानं जायचा होता. पण मध्ये म्हसोबा. म्हसोबाखाली खणायचं नाही आणि देवाच्या अंगावरून काही न्यायचं नाही, हे तिथल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्या कंत्राटी मिस्त्रीनं त्यातून आपली अक्कल चालवली. पाईप जमिनीतून वर काढला, देवाच्या शेजारून ओट्यावर चढवला आणि पलीकडे पुन्हा खाली उतरवला. देवही दुखावला नाही आणि कामही उरकलं.

"टाकी भरलेली होती तेव्हा पाण्याची पातळी या कमानीच्या वर होती," इंजिनिअर सांगायला लागले. "त्यामुळे पाणी आपोआप पलीकडे जायचं. दुष्काळात टाकी उतरली, पातळी कमानीखाली गेली. सगळ्यात उंच जागी हवा कोंडली. आता खाली पंप कितीही फिरो, पाणी हा चढ चढून यायचं नाही. पंपाजवळच्या पाईपात उरलेलं तेवढं उडतं आणि संपतं." मग ते म्हणाले, "साहेब, हे माझ्याकडून झालं. मी टाकीपाशी पाहिलं, पंपापाशी पाहिलं. मधलं पाहिलं नाही."

अशी कबुली मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून मी फार कमी वेळा ऐकली आहे. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला.

पाईपाचा देव कसा झाला तेही उलगडलं. बसवला त्या दिवशी मिस्त्रीनं ओट्यापाशी नारळ फोडून पाईपालाही हळदकुंकू वाहिलं. पुढे अमावस्येला म्हसोबाला शेंदूर लागला, हात पुसायला पाईप जवळच होता. मग बेगड लागली, कुणाचा तरी नवस फिटला तेव्हा घंटा आली. पंप नवा असताना तो पाईप होता, दुष्काळ पडेपर्यंत त्याचा म्हसोबाचा भाऊ झाला होता.

आता राहिला पंपवाला. मी त्याला समोर बसवलं, चहा मागवला, काहीच विचारलं नाही, फक्त तो बेगडीचा कपटा टेबलावर ठेवला. त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, माझ्यावर आगीचं कलम लावा. पण हे लिहू नका."

"वेड लागलंय का तुम्हाला? जन्म जाईल तुरुंगात!"

"जाऊ द्या. साहेब, पंप गेल्या चाचणीला खोकत होता. मला वाटलं, कुठला तरी सांधा हवा ओढतोय. बाकीचे सांधे जमिनीत, उघडा सांधा तेवढा एकच. म्हणून शेंदूर खरवडून बोल्ट आवळले. पण मी मुसलमान माणूस, हातात पाना, आणि म्हसोबाच्या ओट्यावर चढून शेंदूर खरवडतोय! हे गावाला कळलं तर? मला एकट्याला मारलं तर मारू दे. गावात आमची थोडी घरं आहेत, साहेब. लेकरंबाळं आहेत." एवढं बोलून तो ओंजळीत तोंड धरून रडायला लागला.

हवालदार उठले, गार झालेला चहा बाहेर फेकला आणि न सांगता दुसरा घेऊन आले. "घ्या चाचा," म्हणाले. आगीनंतर त्याला पहिल्यांदाच कुणी चाचा म्हणालं.

सत्य हाती होतं, पण ते उघड्यावर ठेवायचं कसं, हा पेच होता. म्हसोबाची दिवाबत्ती करणारा गावातला एक म्हातारा शेतकरी होता. त्याला मी एकट्याला बोलावून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हातारा ऐकत असताना काठीनं जमीन टोकरत होता. मग उठला, व्हरांड्यात गेला. आता हा गावभर करतो की काय, अशी मला धास्ती वाटली.

परत येऊन तो म्हणाला, "शेंदूर खरवडलेला म्या बघितला हुता. म्हनलं शेळीनं चाटला आसंल." त्यानं काठी भिंतीला टेकवली. "सायेब, देव हलवायचा न्हाई, त्याच्याखाली खांदायचं न्हाई. पर वळसा घालून पाइप न्यायाला कुनी धरलं हुतं? आमाला कुनी इचारलंच न्हाई. चार हात बाजूनं आमीच खांदून दिलं आसतं."

"आणि पंपवाल्याचं काय?"

"त्याचं माझ्याकडं सोपवा."

पाईप बदलायच्या दिवशी सगळं गाव आणि टोळ्यांची माणसं जमली. म्हाताऱ्यानं म्हसोबापुढे नारळ फोडला आणि सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगितलं, "ह्या पाइपाचा शेंदूर म्याच काढाया लावला हुता चाचाला. बोल्ट ढिला हुता म्हनून. आता पाइप निघतोय, देव हाय तिथंच ऱ्हातोय. कुनाला काय इचारायचं आसंल त्यानं मला इचारा." कुणी काही विचारलं नाही. म्हातारा धडधडीत खोटं बोलला होता आणि मी, कायद्याचा माणूस, लिंबाच्या झाडाकडे बघत उभा होतो. ते वाक्य मी कुठल्याही जबाबात घेतलं नाही.

कमान कापली. ओट्याला वळसा घालून नवा चर खणला, इंजिनिअर स्वतः आत उतरून प्रत्येक सांध्याशी उतार तपासत होते. टाकीत पाणी तेवढंच होतं, उलट थोडं उतरलंच होतं. पंपवाल्याला मी जीपमधून आणलं होतं. इंजिनची कळ त्यानंच फिरवावी असं इंजिनिअर म्हणाले. त्यानं ती फिरवली. इंजिन धडधडलं, होज सापासारखा तटकन फुगला आणि धरायला उभे असलेले दोघं मागे कोलमडले. पाणी जळक्या कोप्यांच्या राखेवर जाऊन पडलं. लोक ओरडले नाहीत, टाळ्याही वाजल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते, कारण हेच पाणी त्या दुपारी आलं असतं तर काय झालं असतं, हे प्रत्येकाला दिसत होतं.

गर्दी पांगल्यावर त्या भाजलेल्या बाईचा नवरा पंप हाऊसच्या पायरीपाशी आला. बायको वाचली होती, पण बोटं आखडली होती, मोळी पुन्हा बांधता येईल का हे डॉक्टर सांगत नव्हते. म्हाताऱ्याचं बोलणं त्याला पटलेलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाना लपवलेला पाहिला होता. तो पंपवाल्यासमोर उभा राहिला, मी मधे पडायच्या तयारीत.

"खरं काय ते सांग. तू पाना का लपवला हुतास?"

पंपवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं सगळं सांगितलं, शेंदूर, बोल्ट, भीती, सगळं. ऊसतोड्यानं ऐकून घेतलं.

"मंग त्या दिशी लोक मारीत हुते तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस का?"

आतून होजमधलं उरलेलं पाणी पायरीवरून ओघळत होतं. ऊसतोड्यानं मान हलवली.

"न्हाई," तो म्हणाला, आणि पायरीवर पंपवाल्याच्या शेजारी बसला.

मी कोर्टाला अहवाल दिला, की पंपात पाणी न येण्याचं कारण पाईपाची सदोष उभारणी होती, कुणाचं कृत्य नव्हतं. पंपवाला सुटला आणि निवृत्त होईपर्यंत त्याच पंपावर राहिला. त्यानंतर माझ्यासमोर कित्येक माणसं गप्प बसली. 'काय केलंस?' हा प्रश्न मी त्यांना नंतर विचारायचो. आधी चहा मागवायचो आणि विचारायचो, "कुणाला भितोस?"